लंकाबाईच्या गाडीचा ब्रेक

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथून घोडेगावला उतरायचं म्हणजे एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी, आणि मधे वळणावळणाचा उतार. त्या उतारावरून लंकाबाई रोज व्हॅन हाकायची. नवरा वारला तेव्हा भाऊबंदांनी सल्ला दिला होता की गाडी विकून टाका, बाईमाणसाला काय करायचीय. सल्ला द्यायला कुणाचं काय जातंय! बाईनं कुणाला उत्तर दिलं नाही. गाडी शिकली, लायसन काढलं आणि वाडीतल्या पोरींना घोडेगावच्या हायस्कुलात न्यायला-आणायला लागली. एसटीचा काही भरवसा नव्हता. तेव्हा तिच्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, तिचा सासरा कुशाबा. बैलगाडीवर हयात काढलेला म्हातारा. माझी सून मारका बैल दावणीला बांधते, ही तर मुकी गाडी, असं त्यानं चारचौघांत सुनावलं होतं.

आणि नेमका याच गाडीचा ब्रेक जायला लागला.

बरं, पुरता गेला असता तर एकवेळ परवडलं असतं. हा ब्रेक मेला लहरी. वाडीतून निघालं की पहिल्याच उतारावर दगा द्यायचा. पायाखाली पेडल घट्ट लागायचं, पण गाडी काही थांबायची नाही. चार वळणं पुढं गेल्यावर शहाण्यासारखा लागायचा. घोडेगावात सलीम मिस्त्रीच्या गॅरेजला गाडी लावावी, तर तिथं सगळं ठणठणीत. सलीमनं ब्रेक ऑईल बदललं, हवा काढली, पुढच्या चाकांचे पॅड नवे टाकले. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सलीमही वैतागला. भाभी, गाडीला नजर लागली असेल, असं तो एकदा म्हणून गेला. त्यावर बाईनं त्याच्याकडं असं काही बघितलं की बिचाऱ्यानं पुन्हा पाना हातात घेतला.

मग एका सकाळी पोरी गाडीत असताना ब्रेक गेला. लंकाबाईनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराकडच्या मातीला गाडी घासत नेऊन उभी केली. कुणाला खरचटलंही नाही. पण पोरींच्या किंकाळ्या तिच्या कानातून जाईनात. ब्रेकचं दुखणं सापडेपर्यंत एकही पोरगी या गाडीत बसणार नाही, असं तिनं त्याच दिवशी सगळ्यांच्या दारात जाऊन सांगितलं. दोघीतिघींची शाळा थांबली. वाडीला काय, बोलायला विषय मिळाला. बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार, हे ज्याच्या त्याच्या तोंडी. चाकणला कंपनीत असलेल्या तिच्या पोराला, संपतला, धडकीच भरली. त्यानं गाडीला आळे गावचं एक गिऱ्हाईक ठरवलं आणि रविवारी घेऊन येतो म्हणून फोन केला.

"येऊ दे," बाई म्हणाली. "तवर ब्रेकचं दुखणं सापडल्यालं असंल."

गॅरेजात दुखणं दिसत नाही, तर ते उतारावरच धरायचं, असं तिनं ठरवलं. रोज सकाळी एकटीच पहिल्या गिअरमध्ये गाडी उतरवायला लागली. एके दिवशी ब्रेकनं दगा दिलाच. हँडब्रेकवर तिनं गाडी तिथल्या तिथं थांबवली, चाकाला दगड लावला आणि गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाशी नाक नेलं. धुरकट, तेलकट वास आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. एरंडेल! गाडीच्या कुठल्या भागात एरंडेल असतं, सांगा बरं? तिच्या घरात ते एकाच ठिकाणी होतं, कुशाबाच्या खाटेच्या उशाशी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गोठ्याच्या आडोशाला उभी राहिली. कुशाबा आला. काडीला बांधलेली चिंधी त्यानं बाटलीत बुडवली आणि चाकाच्या फटीतून आत फिरवली, नीट, मायेनं, बैलगाडीच्या आसाला फिरवायचा तशी.

"मामंजी, काय करताय?"

"वंगण देतोय," म्हातारा खुशीत म्हणाला. "चाक लई कुरकुरतंय बघ. तू दरीकडनं जाती. कोरड्या चाकावर घरची लक्ष्मी कशी धाडू?"

लंकाबाईला आता सगळं उलगडलं. नवे पॅड टाकले की दोन दिवसांनी ते कुरकुरायला लागायचे, आणि ते कुरकुरले की म्हातारा तेल द्यायचा. उतारावर ते तेल जळून जाईपर्यंत ब्रेक चाकाला धरायचा नाही. दुरुस्तीच मुळावर येत होती. तिला संताप आला, रडूही आलं. जीव जाता जाता वाचला त्या पोरींची नावं ओठावर आली होती. पण म्हाताऱ्याचा तो खुशीतला चेहरा बघून ती नावं तिनं गिळली. आता वंगणाचं मी बघते, तुम्ही वाकू नका, एवढंच म्हणून तिनं काडी काढून घेतली. सलीमकडून चाकं धुऊन घेतली, पॅड बदलले आणि पुढं रोज उतार उतरून पाहिला. ब्रेक एकदाही चुकला नाही.

रविवारी संपत गिऱ्हाईक घेऊन आला. दोष सापडला, गाडी विकायची नाही, बाईनं सांगून टाकलं. दोष काय होता, संपतनं विचारलं. माझ्या हातून चाकावर तेल सांडत होतं, ती म्हणाली. संपत भडकलाच. म्हणजे तुझीच चूक, पोरी दरीत गेल्या असत्या, आता तर गाडी देऊनच टाकायची! बाई खाली मान घालून ऐकत राहिली. गिऱ्हाईक टायर बघायला लागलं.

खाटेवर सगळं ऐकत बसलेला कुशाबा उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्येल तिनं न्हाई, मी घातलं," तो म्हणाला. "एरंडेल. कुरकुर ऐकली की घालायचो. पोरींना दरीच्या तोंडाशी मी नेलं, संपत. हिनं त्यास्नी माघारी आणलं. आता तूच सांग, गाडी कुणाच्या हातात ठिवायची?"

संपतनं आईकडं बघितलं आणि मग त्याला बघवेना. गिऱ्हाईकानं चहा घेतला आणि ते आपल्या वाटेनं गेलं.

म्हातारा मात्र तसाच उभा होता. लंकाबाईनं गाडीचं पुढचं दार उघडलं. मी कसा बसू, तो म्हणाला, कुठल्या तोंडानं? तुम्हीच बसायचं, तिनं सांगितलं, आणि हाताला धरून बसवलं.

संध्याकाळपर्यंत ती त्याला वाडीत दारोदार घेऊन फिरली. हात जोडायला तिनं सांगितलं नव्हतं, तोच जोडायचा. प्रत्येक पोरीच्या आईबापाला एकच सांगायचा, की चूक माझी व्हती, चालवणारीची न्हाई. शेवटच्या दारात तो मधेच अडखळला, तेव्हा उरलेलं वाक्य लंकाबाईनं पुरं केलं नाही. त्यालाच करू दिलं.

सोमवारी सगळ्या पोरी गाडीत होत्या.