न्हाणीच्या दाराची कडी

मी काही पैलवान नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. धरणगावहून धुळ्याला कचेरीत नक्कल कारकून म्हणून आलो, तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी माझी तब्येत होती. वडिलांनी बजावलं होतं, की संध्याकाळी गावभर उंडारण्यापेक्षा पहाटे तालमीत जा. गेलो. माझी भाड्याची खोली तालमीच्या गल्लीतच होती, म्हणून महिन्या-दीड महिन्यात तालमीची किल्ली माझ्याकडे आली. किल्ली आली की बाकीची कटकट आपोआप येते. दिव्यात तेल घाला, रांजण भरला का बघा, झाडूवाली आली का बघा. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. झाडूवाली हाच शब्द मी इथे लिहितो आहे. आम्ही तेव्हा वापरायचो तो शब्द वेगळा होता, आणि तो मला आता लिहवत नाही.

तालमीची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रस्त्याच्या बाजूला मोठी खोली, तिच्यात कुस्तीचा हौदा. लाल माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू. समोर कोनाड्यात मारुती. त्याच्या मागे दुसरी लांबट खोली, एका अंगाला कपड्यांच्या खुंट्या, दुसऱ्या अंगाला न्हाणी आणि मोरी. या मागच्या खोलीला दोन दारं. एक गल्लीत उघडायचं, दुसरं हौद्याकडे. हौद्याकडच्या दाराला फळ्या होत्या पण कडी नव्हती, आणि त्यावर गोणपाटाचा पडदा सोडलेला असायचा.

तो पडदा मारुतीसाठी होता. मारुती ब्रह्मचारी, बाईची नजर हौद्याच्या मातीवर पडता कामा नये असा आमच्या वस्तादांचा कडक दंडक. म्हणून झाडूवालीनं पुढच्या दारानं यायचं नाही. गल्लीतून मागच्या दारानं यायचं, न्हाणी आणि मोरी धुवायची, खोली झाडायची आणि आली तशी जायचं. देवाची सोय चोख होती. आता ती ज्या खोलीत यायची, त्या खोलीत सकाळी साडेसातला आम्ही दहा-पंधरा माणसं आंघोळी करून कपडे बदलत असायचो. ओला लंगोट सोडून कोरडा घालायचा, तेवढ्यासाठी पंचा गुंडाळायच्या भानगडीत कोणी पडत नसे. तिनं तरी दुसऱ्या वेळी कसं यावं? पहाटेपासून नगरपालिकेचं काम, साडेसातला आमची गल्ली, आठला पुढची.

झाडूवाली म्हातारी होती. वर्षानुवर्षं येत होती. ती आली म्हणून कोणाचं बोलणं थांबलं नाही की कोणी पाठ वळवली नाही. आम्ही निर्लज्ज होतो असं म्हणावं, तर तसंही नाही. वस्तादांची वहिनी कधीमधी दुधाची बरणी घेऊन मागच्या दाराशी यायची, तेव्हा गल्लीतून तिचं खाकरणं ऐकू आलं की आत एकच पळापळ व्हायची. मोठमोठे गडी रांजणामागे दडायचे, एकमेकांचे पंचे ओढायचे. लाज आम्हाला भरपूर होती. ती कोणापुढे बाळगायची हे ठरलेलं होतं.

एका हिवाळ्यात म्हातारीचा गुडघा सुजला आणि तिनं सुनेला पाठवलं. सून पिंपळनेरकडची, लग्न होऊन चार-पाच महिने झालेले. तिला काय सांगितलं होतं, काय नव्हतं, देव जाणे. मी तेव्हा खुंटीवरून सदरा काढत होतो. मागचं दार ढकलून ती आत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. आम्ही अकरा जण होतो. चौघांच्या अंगावर सुतळीसुद्धा नव्हती.

ती ओरडली नाही. वळून पळायला गेली, तर मागे गल्लीतून एक पैलवान दोन्ही हातांत आडाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन दारात आलेला. तोही नुसत्या लंगोटावर. मग ती समोर दिसला त्या पडद्याकडे धावली. तिला वाटलं असेल, पलीकडे रस्ता असेल. गोणपाट तिच्या अंगाभोवती गुंडाळलं, दोरीसकट तुटलं, आणि ती त्यासकट हौद्यात पडली. हातांवर आणि गुडघ्यांवर. झाडू मातीत रुतला.

हौद्यात दोन जण लढत होते ते सुटे झाले. वस्ताद कोनाड्यापाशी बसलेले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, दारात आलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की हिला कोणी सांगितलं नव्हतं का. किल्ली माझ्याकडे, म्हणजे सांगायचं काम माझंच. मी म्हणालो, तिच्या सासूनं सांगायला हवं होतं. क्षणाचा विचार न करता म्हणालो. ती उठली, पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा त्याच खोलीतून, त्याच अकरा जणांमधून गल्लीत गेली. दुसरी वाटच नव्हती.

हौदा बाटला. वीतभर माती खणून काढली, बैलगाडीत भरून पांझरेच्या पात्रात टाकली. नवी माती आणली, गोमूत्र शिंपडलं, मारुतीला शेंदूर चढवला. दोन दिवस मीही घमेली उचलत होतो. कचेरीत अस्पृश्यतेच्या नव्या कायद्याचे कागद माझ्याच टेबलावरून जात होते, त्यांच्या नकला मी वळणदार अक्षरात केल्या होत्या. त्याचा आणि या घमेल्याचा काही संबंध आहे, असं माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. हाताला फोड आले एवढंच लक्षात आहे.

म्हातारी सुजलेला पाय ओढत आली आणि गल्लीत उकिडवी बसली. "नवी शे भाऊ ती, तिले काही माहीत नही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तालमीनं काढून टाकलं तर गल्लीतली घरंही दार लावून घेतील, ही तिची भीती, आणि ती खरीच होती. वस्तादांनी हात हलवून जा म्हटलं. काम राहिलं. पण म्हातारीला आता चालवत नव्हतं, म्हणून रोज सूनच येणार असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी कचेरीला निघालो, तर ती आडाच्या अलीकडे, लोकांच्या वाटेपासून दूर उभी होती. पदर छातीपर्यंत ओढलेला. मला थांबवायचं धाडस तिनं कसं केलं कोण जाणे. हळू आवाजात, अडखळत बोलली. म्हणणं अगदी साधं होतं. ती आली की आधी दार वाजवील. आम्ही सगळ्यांनी हौद्याकडे जायचं. ती आतून कडी घालील, पाव तासात सगळं धुऊन कडी काढील. मारुतीचाही प्रश्न मिटला, दार बंद म्हटल्यावर नजर जायची कुठून? हौद्याकडच्या दाराला कडी नाही, तेवढी बसवून द्या. हे सगळं तिनं विचार करून आणलेलं होतं. शेवटी म्हणाली, "माले लाज वाटस, भाऊ."

मी म्हणालो, बघतो. कारकुनाला हा शब्द फार सोपा असतो.

आणि मी विषय काढला, नाही असं नाही. शनिवारी आरतीनंतर सगळे बसले होते, नवी माती चांगली मळली गेली म्हणून खुशीत होते. मी म्हणालो, मागच्या खोलीच्या या दाराला एक कडी बसवावी म्हणतो, झाडूवालीला लाज वाटते म्हणे. वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. "तिला कसली रे लाज? तिच्यापुढे आपण कधी लाजलो का?" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, कारकुनाला पाझर फुटला. पुन्हा हसले. मीही हसलो. बळेबळे नाही, चांगला खळखळून हसलो, त्या खोलीत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मग गूळ-फुटाणे वाटले.

तिला मी काही सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. सकाळी दाराशी दिसली की मी दुसरीकडे बघायचो, आणि ती काय समजायचं ते समजली.

पुढचे काही आठवडे ती तोंडावरून पदर पार छातीपर्यंत ओढून यायची. समोरचं काही दिसत नसे. पायाखालची टीचभर फरशी तेवढी दिसत असावी. हातानं भिंत चाचपत मोरीपर्यंत जायची, चाचपत बादली शोधायची. मग आमच्यातल्या दोघा-तिघांना चेव आला. कोणी बादली हळूच सरकवून ठेवायचं. कोणी वाटेत गुपचूप उभं राहायचं. एकदा तिचा हात एकाच्या ओल्या उघड्या पाठीवर पडला. चटका बसल्यासारखा तिनं तो मागे घेतला आणि मोरीच्या पाण्यात मटकन खाली बसली. हशा पिकला. मी या वेळी हसलो नाही, पण म्हणून काही बोललो असंही नाही. पंचा पिळत होतो, तो पुन्हा पिळला.

असं रोज होत राहिलं की ते दिसेनासं होतं. मला वाईट वाटत होतं का? लोक विचारतील म्हणून म्हणायचं झालं तर हो म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला काही वाटत नव्हतं. सकाळी जोर-बैठका, मग आंघोळ, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन कचेरी. पदर थोडा थोडा वर गेला हे मात्र मी पाहिलं. आधी हनुवटीपर्यंत आला. मग नाकापर्यंत. उन्हाळा लागेपर्यंत तो कपाळावर गेला होता. गंमत गेली, म्हणून थट्टा करणारेही थकले.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायको जळगावच्या पूर्वेकडची, केळीच्या बागाईतातल्या घरची. माझ्या खोलीला न्हाणी नव्हती. मागच्या पडवीत दोन खिळ्यांना जुनं लुगडं बांधून ती आंघोळ करायची, आणि तेवढा वेळ मी बाहेर पहाऱ्यावर. घरमालकाच्या घरची माणसं, भाडेकरू, कोणीही चुकून आलं तर मी खाकरायचं, हा आमचा करार. एक दिवस मला शिंक आली आणि आत तिच्या हातातून तांब्या पडला. केवढी घाबरली होती. बाहेर आली तर रडत होती. मी दारात उभा राहून विचार केला, की हिला पाव तास मिळावा म्हणून मी रोज तिष्ठत उभा राहतो. मग मला तालमीतली ती आठवली, तिनं मागितलेला पाव तास आठवला. त्या सगळ्या वर्षात हे एकदाच.

रविवार होता, त्याच दिवशी मी बाजारातून कडी आणली. आगाऊ परवानगी कोणाची मागितली नाही. दुपारी तालीम रिकामी असताना चार स्क्रू पिळले, कोयंडा ठोकला. अर्धा तास लागला नसेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, की झाडूवालीनं दार वाजवलं की हौद्याकडे यायचं, ती कडी घालील. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, दोन-चार वाक्यं पाठही केली होती. कोणी अडवलं नाही. एक जण बरं म्हणाला. वस्तादांनी कडीकडे बघून विचारलं, लाकूड फुटलं नाही ना? बास, इतकंच.

ती आली तेव्हा बाकीच्यांना हौद्याकडे पाठवून मी एकटाच आत होतो. मुद्दाम थांबलो होतो, तिला सांगायचं म्हणून, आणि वेळेचा अंदाज चुकला. ओला लंगोट सोडलेला, कोरडा हातात. दार न वाजवता ती आत आली, बादली ठेवली. पदर डोक्यावर होता, चेहरा सगळा उघडा. तिचा चेहरा मी असा समोरून पहिल्यांदाच बघत होतो. फार तर अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी पंचा ओढला आणि घाईघाईनं म्हणालो, कडी बसवली आहे, उद्यापासून दार वाजवत जा, आम्ही सगळे बाहेर जाऊ, तू आतून कडी घाल.

तिनं कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, पंच्याकडे, तोंडाकडे, सगळं सारखंच. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आते कसाले, भाऊ?" ती म्हणाली. "पाय उचला."

मी पाय उचलला. तिनं खालची फरशी झाडली आणि दुसऱ्या पायाची वाट बघत थांबली.