नर्मदाबाईनं नाव घेतलं

हैदराबाद संस्थान जाऊन पाच वर्षं झाली, तरी पालमकडचा मुंजाजी अजून निजामाच्याच राज्यात होता. म्हातारपणानं त्याची आठवणच पुसली होती. त्याला साप चावला, तसं नर्मदाबाईनं नवऱ्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं.

"नाव?" कंपाउंडरनं नाकातून विचारलं.

"ढवळ्या," मुंजाजीनं बैलाचं नाव सांगितलं.

"येडाच हाय! बाई, तुमी सांगा. नावाबिगर सुई न्हाई."

चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. दवाखान्याच्या ओसरीवरच्या बाया कान टवकारून बसल्या.

"मुंजाजी!" ती ओरडली. "लिव! त्ये विसरलेत, म्या न्हाई."

"बरं, आता बाहेर थांबा."

"ह्ये उठून पळाले तर तू धरशील व्हय? टोच सुई!"

अन् नवऱ्याचा हात घट्ट धरून ती खाटेवरच बसली.