अनुमोदक

शिपायाने रजिस्टर आमच्या ओट्यावर ठेवलं आणि पेन वरून टाकलं. हातात दिलं नाही. तो कधीच देत नाही. पेन घरंगळत मोरीपर्यंत गेलं. माझे हात पिठाचे होते. तसेच पदराला पुसले, पेन उचललं आणि त्याने बोट दाखवलं तिथे सही केली. सहीच्या वरचं सगळं पान कोरं होतं.

"कशाची हाय?"

"मीटिंगची. तुमाला ड्युटी असती, म्हून आप्पांनी घरपोच धाडली. तुमचीच सोय."

मी ग्रामपंचायत सदस्य. राखीव जागेवरची. सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला जाते. मीटिंग नेमकी माझ्या पाळीत ठेवायचे. वर्षभर मी अशाच सह्या दिल्या. खरं सांगते, बरंच वाटायचं. खाडा होत नव्हता.

आमच्या वस्तीला नळ नाही. पाइपलाइन मंजूर झाली होती. मत मागताना मी त्याच नळाचा शब्द दिला होता. पाइप आले, पण ट्रॅक्टर वस्तीवर थांबलाच नाही. सरळ उपसरपंच आप्पांच्या मळ्याकडे गेला.

आम्ही सात-आठ बायका पंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे ठरावाची वही उघडली. "वस्तीची लाइन मळ्याकडे वळवण्यात यावी. सूचक, उपसरपंच. अनुमोदक..." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अनुमोदक तुम्हीच की, ताई. सर्वानुमते मंजूर."

आप्पा खुर्चीत हसले. "तुमच्याच बाईनं पाठिंबा दिलाय. आता आमाला काय इचारता?"

शेजारच्या सोनाआत्याने माझ्यासाठी दारोदार मतं मागितली होती. ती वळली.

"तू सही केलीस व्हय गं?"

"व्हय, आत्या."

तिने पदर खोचला आणि बाहेर पडली. बायका निघून गेल्या. मला रडू आलं नाही. रागही नाही. पाळीभर उभं राहिल्यावर पाय आपले वाटत नाहीत, तसं अख्खं अंग झालं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. खोकी चिकटवत राहिले. डोक्यात एकच शब्द, अनुमोदक. मी दहावी पास आहे. त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. वाचला मात्र कधीच नव्हता.

पुढच्या महिन्यात शिपाई आला. पेन टाकलं. मी उचललं नाही.

"हातात द्या. आन् आधी वरचं लिहून आणा."

"आप्पांना काय सांगू?"

"मी येतीय म्हणून सांगा."

खाडा करून गेले. ठराव मांडला, वस्तीची लाइन वस्तीला द्या. सूचक मी. भाऊसाहेबांनी विचारलं, अनुमोदक कोण? सगळे सदस्य मोबाइलमध्ये बघत बसले. ठराव पडला.

लाइन आप्पांनी नेली, पण ती माझ्या सहीने गेली. हे मी वस्तीत उभं राहून सांगितलंय. सोनाआत्या अजून माझ्याशी बोलत नाही. नाही बोलली तर नाही. दर महिन्याला खाडा करणार आणि हाच ठराव मांडणार. सदस्यपद गेलं की ग्रामसभेत उभी राहून मांडणार. अनुमोदक मिळो न मिळो. मी जिवंत आहे तोवर या गावाच्या वहीत 'सर्वानुमते' लिहू देणार नाही.