खोडण्याआधीचं पान

माझ्या ताईच्या जिभेवर कायम 'नाही' असतं, असं तिला ओळखणारं कोणीही सांगेल. मी धाकटी, त्यामुळे ते सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला आलंय. पण या 'नाही'पायी जी माणसं तिला अकरा वर्षांच्या कामावरून उठवायला निघाली, त्यांचं नाव काढलं की मला अजून राग आवरत नाही. तेव्हा मी तोलूनमापून बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

ताई एका फ्रेमवर्कचं काम बघते. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. कोणीही फुकट उचलावा आणि आपली साइट उभी करावी. त्याच्याबरोबर एक अ‍ॅडमिन आयताच मिळतो. अ‍ॅडमिन म्हणजे साइटची आतली खोली, जिथे कारकून मंडळी नावं भरतात, पत्ते सुधारतात, जुन्या नोंदी खोडतात. या खोलीत काय ठेवायचं आणि काय नाही, हे ताईकडे होतं. पगार नाही, मानधन नाही. नोकरीवरून आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि लोकांच्या मागण्या वाचत बसायची. कोणाला आलेख हवेत, कोणाला नकाशा, कोणाला आतल्या आत गप्पा मारायची सोय. तिचा सगळ्यांना एकच प्रश्न, "हे रोज वापरणारं माणूस कोण? त्याचं काम मला सांगा." बहुतेक जण तिथंच मागणी मागे घ्यायचे.

मलाही तिनं सोडलं नाही. मी डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आणि आमचं सगळं याच अ‍ॅडमिनवर चालतं. एकदा मी म्हटलं, "ताई, पेशंटचा वाढदिवस असला की नावाशेजारी फुगा येऊ दे ना."

"फुगा तुझ्या दवाखान्याच्या साइटवाल्याकडून लावून घे. साऱ्या जगाच्या माथी कशाला मारू?"

आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग माझ्याकडून ती चूक झाली. आमच्याकडे एका डॉक्टरांची नोंद दोनदा झाली होती, एक खरी आणि एक रिकामी. समोर रांग, बाजूला फोन वाजतोय, मी जास्तीची म्हणून एक निवडली आणि डिलीट दाबलं. लगेच एक पान उघडलं. या डॉक्टरांबरोबर चारशे बारा अपॉइंटमेंटही खोडल्या जातील, असं वर लिहिलेलं, आणि खाली त्या सगळ्या, एकेका पेशंटच्या नावासकट. मी खरीच नोंद उडवायला निघाले होते. 'मागे जा' दाबलं आणि आधी पाणी प्यायले. घरी येऊन सांगितलं तर ताई रागावली नाही. "ते पान त्यासाठीच आहे," म्हणाली.

आणि रंगाऱ्याला नेमकं तेच पान नको होतं. रंगारी हे आम्ही बहिणींनी ठेवलेलं नाव. फ्रेमवर्कचा कारभार बघणाऱ्या, ताईसकट सात जणांच्या समितीतला हा सगळ्यात नवा, हुशार, आणि अख्खा अ‍ॅडमिन रंगवून काढायची त्याला भारी हौस. त्याच्या आराखड्यात एकदा बटण दाबलं की नोंद गायब. मोठ्या साइटवर ते पान उघडायला वेळ लागतो, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ताई म्हणाली, "हळू आहे तर वेगवान करू. काढायचं नाही." माझं नाव न घेता तिनं दवाखान्यातली गोष्टही त्यांना सांगितली. मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. पण अ‍ॅडमिनमधला बदल ताईनेच आत घ्यायचा असा त्यांचा नियम, आणि ताई महिनाभर तो घेईना.

शेवटी शनिवारी दुपारी व्हिडिओवर बैठक लागली. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"बहुमत झालंय," रंगारी म्हणाला. "बदल आत घ्या, नाहीतर जागा सोडा."

"जागा घ्या. पण माझ्या हातून हे पान जाणार नाही. उद्या एखाद्या दवाखान्यातून चारशे माणसं विनाकारण परत गेली, तर ते माझ्या नावावर नको."

"पुन्हा दवाखाना! तुमची ती कारकून बाई दाखवा तरी एकदा."

मी हातातली चादर टाकून कॅमेऱ्यासमोर गेले. "ही बघा. नीट बघून घ्या."

तरी तो हटला नाही. "चुकणाऱ्यांना शिकवावं. त्यांच्यापायी सगळ्यांची वाट कशाला अडवायची?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझा हात दाबला.

"मग ताईंचे हक्क आत्ताच काढतो," असं म्हणत त्यानं सगळ्यांना आपली स्क्रीन दाखवायला सुरुवात केली. समितीची स्वतःची साइट, जिथे सगळ्यांच्या दुरुस्त्या आणि प्रश्नोत्तरं साठतात, तीही याच फ्रेमवर्कवर उभी, अ‍ॅडमिन तोच. खरं तर हक्क काढायला ताईच्या नोंदीतली एक खूण काढली की झालं. पण तो रागात होता. त्यानं ताईची नोंदच निवडली आणि डिलीट दाबलं.

पान उघडायला वेळ लागला. मग आलं.

या सदस्याबरोबर पुढील गोष्टीही खोडल्या जातील. दुरुस्त्या, नऊशे चाळीस. लोकांना दिलेली उत्तरं, तीन हजार दोनशे सहा. खाली एकेक ओळ. सातही जण वाचत होते. रंगारी खाली जात राहिला, यादी संपेना. मध्येच त्याचं स्वतःचं नाव आलं. नवखा असताना त्यानं विचारलेला प्रश्न, आणि त्याखाली ताईचं लांबलचक उत्तर. तिथं तो थांबला.

ताई स्क्रीनजवळ सरकली.

"दाबा ना," ती म्हणाली. "तुम्ही तर शिकलेले आहात. दाबा."

माउसचा बाण खोडायच्या लाल बटणावर होता. तो हळूहळू बाजूला गेला आणि 'मागे जा' वर येऊन टेकला.

"राहू दे हे पान," रंगारी पुटपुटला.

"पान राहणारच," ताई म्हणाली. "मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."