तुमच्या मागं मंगळाई हाय

साताऱ्यात खाली दुकानं, वर फ्लॅट अशी आमची नवी इमारत उभी राहिली आणि समोरच्या फुटपाथवरून दिसणारा अजिंक्यतारा झाकला गेला. तिथं एक म्हातारी भाजी विकते. सकाळी भवानी झाली, की पैसे कपाळाला लावून ती वर बघत हात जोडायची. गॅलरीत चहा पिताना मला वाटायचं, मलाच नमस्कार करतेय. मीही जोडायचो.

एकदा मेथी घेताना ती हसून म्हणाली, "आवं, तुमास्नी न्हाई. तुमच्या मागं किल्ल्यावर मंगळाई हाय. पैली हितनं दिसायची."

आता सकाळी मी गॅलरीचं दार आणि मागची खिडकी सताड उघडी ठेवतो. खालून तिला फार तर आमचा पंखा दिसत असेल. तरी ती हात जोडते, आणि मी बाजूला सरकतो.