सकूने भावाला शहाणा ठरवलं

पोशेऱ्याची सकू भावाच्या वेडाला कंटाळली होती, आणि भाऊ तर वेडा नव्हताच.

झालं ते असं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना तिचा भाऊ जिवा ऐनाच्या झाडावरून डोक्यावर आपटला. दोन महिने वाट्टेल ते बरळला. बायकोला मामा म्हणाला, मामाला रेडा. नेमका त्याच दिवसांत मामा वारला. जव्हारच्या संस्थानी पागेत त्याचा जन्म गेला होता, मूलबाळ नव्हतं. एकशेवीस रुपये आणि बैलजोडी जिवाच्या नावे निघाली. कचेरीने लिहिलं, 'इसम वेडा, सबब थोरली बहीण सकू पालक.'

पाऊस लागेपर्यंत जिवा खडखडीत बरा झाला, पण कागदावरचं वेड त्याला मानवलं. वेड्याला वेठीला कोण नेतो? तो ओटीवर बसून राही, आणि मीठ संपलं तरी बायकोला सकूकडे धाडी. सकूची स्वतःची नागली खोळंबलेली. त्यात दर सहा महिन्यांनी जव्हारला चालत जाऊन हिशेब द्यायचा. चौथ्या वर्षी तिने अर्ज केला: भाऊ शहाणा आहे, मला सोडवा.

मुन्सफांनी जिवाला विचारलं, "नाव काय तुझं?"

"म्हशीला विचारा."

"आज वार कोणता?"

"हिरवा."

सकूने कपाळावर हात मारला. "सायेब, घरून पाठ करून आलाय हा!"

 मुन्सफ कारकुनाला म्हणाले, "ठार वेडा आहे. याला बैल कशाला हवेत? लिहा, जोडी विकावी. आठ रुपये."

"आठ?" जिवा ताडकन उठला. "डावा एकटा तीसचा हाय! खोडाळ्याच्या बाजारात पस्तीसला मागितला, तरी मी दिला नाय. दात बघा त्याचे!"

सगळी कचेरी हसली, आणि मुन्सफांनी सकूचं पालकपण रद्द केलं. सकूने अंगठा दिला, उरलेले रुपये भावाच्या धोतराच्या सोग्यात ओतले आणि हलकी होऊन घरी आली.

तिसऱ्याच दिवशी पाटलाने जिवाला वेठीला नेलं. सकूला मात्र चैन पडेना. पैसे ठेवले कुठे असतील? कुणी लुबाडलं तर नसेल? आठवड्याने न राहवून ती गेली. जिवाने तिला ओहोळाच्या खालच्या अंगाला नेऊन भाताचं एक खाचर दाखवलं.

"घेतलं, बाय."

सकूने बांध चालून पाहिला, टाचेने दाबून पाहिला. पक्का होता.

"महाग घेतलंस," ती म्हणाली.

दोघं तिथेच दिवस मावळेपर्यंत भांडली.