कडूकाकूची जीभ

आमच्या थोरल्या काकूला अख्खी आळी कडूकाकू म्हणायची, आणि तिला त्याचा रागही नव्हता. मेंढ्यांच्या पोटात जंत झाले की ती डाळिंबाच्या मुळाची साल आणि कडू दवणा उकळायची. मापबिप काही नाही, माप म्हणजे तिची जीभ. चमचाभर काढा तोंडात घ्यायचा; डोळे गच्च मिटले तर झाला, नाहीतर आणखी साल. मुक्या जिवाला पाजायचं ते आधी आपण चाखावं, असं तिचं म्हणणं.

धाकटी काकू म्हणायची, हिच्या जिभेवर इतकं कडू साचलंय की साखर खाल्ली तरी शिवीच बाहेर पडेल. दोघी जावांचं एकमेकींवाचून पान हलत नसे, पण कबूल कोण करणार?

त्या साली म्होरकी खंगली. कळपाच्या पुढे चालणारी मेंढी ती. ती वळेल तिकडे बाकीच्या. तिची पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक. जंत रक्त पीत होते. काकूनं काढा चढवला, चाखला, डोळे काही मिटेनात. पुन्हा साल टाकली, पुन्हा टाकली. तो पाजल्यावर थोड्या वेळात म्होरकी पाय ताणून आडवी पडली, नुसता श्वास चालू होता.

धाकटीनं पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि थुंकत दाराकडे धावली. चूळ भरून आली ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊबाई, हे विष झालंय. तुम्हाला कडू लागतच नाही का?"

थोरलीनं चिमूटभर मीठ तोंडात टाकलं. मग साखर. दोन्ही सारखंच. वयानं जीभ कधी विझली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

एरवी ज्याच्या बाटल्यांवर ती तोंडसुख घ्यायची, त्या गुरांच्या डॉक्टरला तिनंच बोलावणं धाडलं आणि किती साल उकळली ते न लपवता सांगितलं. त्यानं सलाईन लावलं. जंताचं औषध जरा सावरल्यावर देऊ म्हणाला. काकू मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "माझी चूक तुझ्या पोटात गेली गं," एवढंच बोलली.

म्होरकी उठली, आणि पहिली ढुशी तिनं काकूलाच मारली. काकू इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

हल्ली पापणी पांढरी दिसली की थेट डॉक्टर. एरवीचा हलका काढा काकूच करते, पण चाखते धाकटी, आणि थोरली टक लावून तिच्या तोंडाकडे बघते. नुसतं नाक मुरडलं, तर आणखी उकळायचा. धाकटी चमचा उचलताना दर वेळी कुरकुरते, "सासूबाईंनी जन्मभर ऐकवलं, पण इतकं कडू कधी पाजलं नाही."